तिवर: एकच जात कुठे वृक्ष, तर कुठे झुडूप का होते?

मुंबईहून वाशीकडे किंवा ठाण्याहून ऐरोलीकडे जाताना खाडीच्या दोन्ही बाजूंना राखाडी झाक असलेली जी दाट हिरवी झाडी दिसते, तिच्यात संख्येने सर्वाधिक असलेले झाड म्हणजे तिवर. त्याचे शास्त्रीय नाव ॲव्हिसेनिया मरिना. ते खाऱ्या पाण्यात वाढते, चिखलातून मुळे वर काढते आणि किनाऱ्याची धूप थांबवते, एवढी माहिती बहुतेकांना असते आणि ती बरोबरही आहे. परंतु खाडीच्या काठापासून जमिनीच्या दिशेने थोडे आत गेले की जे दिसते, त्याचा उलगडा या माहितीने होत नाही. अगदी काठावरचे तिवर आठ-दहा मीटर उंच, सरळ खोडाचे, वृक्ष म्हणावे असे असते. आत जावे तशी उंची घटत जाते आणि शेवटी, जिथे चिखल वाळून त्यावर मिठाची पांढरी साय धरते तिथे, तेच तिवर कमरेएवढे, बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटलेले खुरटे झुडूप होऊन बसलेले असते. ही दुसरी जात नव्हे. ती कोवळी रोपे आहेत असेही गृहीत धरता येत नाही, कारण असे झुडूप काठावरच्या उंच वृक्षाच्या वयाचे, किंवा त्याहून जुनेही असू शकते. हा फरक कशामुळे पडतो, ते नीट पाहिले तर खारट जमिनीत जगण्याची या झाडाची सगळी व्यवस्था उलगडते, आणि ते नेमके कशाने मरते तेही समजते.

आधी ओळख. तिवराची पाने फांदीवर समोरासमोर येतात, साधारण पाच ते दहा सेंटिमीटर लांब असतात, वरून चकचकीत हिरवी आणि खालून पांढुरकी दिसतात. वारा सुटला की सगळी झाडी एकदम राखाडी भासते ती या पांढुरक्या बाजूमुळे. साल गुळगुळीत, करड्या-हिरव्या रंगाची असून तिचे पातळ पापुद्रे निघतात. फुले अगदी लहान, चार पाकळ्यांची, पिवळसर केशरी रंगाची आणि सुगंधी असतात. त्यांवर मधमाश्यांची गर्दी होते. आपल्या किनाऱ्यावर याच प्रजातीची दुसरी एक जात, ॲव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस, आढळते. तिच्या पानांची टोके गोलसर असतात आणि फुले बरीच मोठी असतात, त्यामुळे दोघींत गल्लत होण्याचे कारण नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिवराला पूर्वी निर्गुडीच्या कुळाजवळ ठेवले होते. आज ते अडुळसा, अबोली आणि कोरांटी यांच्या कुळात गणले जाते. खाडीकाठी वाढणारी काटेरी पानांची मारांडीही त्याच कुळातली. पेटर फोर्स्कोल या निसर्गअभ्यासकाने तांबड्या समुद्राच्या परिसरात केलेले तिवराचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १७७५ साली प्रसिद्ध झाले. या जातीचा प्रदेश फार मोठा आहे: उत्तरेला सिनाई द्वीपकल्पाच्या किनाऱ्यापासून, पूर्व आफ्रिका, इराणचे आखात, भारत आणि आग्नेय आशिया असे करत दक्षिणेला ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या कॉर्नर इनलेटपर्यंत. जगातली सर्वांत दक्षिणेकडची खारफुटी ती हीच. थंडी आणि वाळवंटी उष्णता ही दोन्ही टोके सहन करणारी दुसरी खारफुटी सापडणे अवघड आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. तिवराला मीठ आवडते, असा एक समज रूढ आहे आणि तो दूर होणे आवश्यक आहे. प्रयोगशाळेत वेगवेगळ्या खारटपणाच्या पाण्यात रोपे वाढवून पाहिली, तेव्हा त्यांची सर्वांत जोमदार वाढ समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक दशांश ते निम्म्या खारटपणात झालेली आढळली. पूर्णपणे गोड्या पाण्यात ही वाढ मंदावते हे खरे. थोडे मीठ त्याला लागतेच. पण निम्म्यापुढे खारटपणा वाढत गेला की वाढ उतरणीला लागते. समुद्राच्या दुप्पट खारट मातीतही तिवर जगते, परंतु त्या जगण्यासाठी त्याला जी किंमत मोजावी लागते, ती त्याच्या उंचीतून वजा होते.

ही किंमत कशाची, हे कळण्यासाठी खारट मातीतून पाणी ओढणे एवढे अवघड का असते ते पाहावे लागेल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात ताटलीत पाणी साचते. पेशींतले पाणी जिथे क्षार जास्त तिकडे निघून जाते. सामान्य झाड खाडीच्या चिखलात लावले तर त्याच्या मुळांचे नेमके हेच होईल: मुळे पाणी शोषण्याऐवजी गमावतील. यालाच परासरण म्हणतात. समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी वेगळे करायचे असेल तर या नैसर्गिक ओढीविरुद्ध वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २५ पट जोर लावावा लागतो. समुद्राचे पाणी पिण्याजोगे करणाऱ्या कारखान्यांत मोठे पंप हे काम करतात. तिवराकडे पंप नाही. त्याच्याकडे पाने आहेत.

पानांच्या रंध्रांतून पाण्याची वाफ निघून जाते तेव्हा पानापासून मुळापर्यंतच्या बारीक नळ्यांतला पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. खारफुटीत हा ताण किती असतो, ते नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या पेर स्कोलँडर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात मोजून दाखवले. त्याची पद्धत साधी होती. पाने असलेली डहाळी कापून ती एका मजबूत बंद डब्यात ठेवायची, तिचे कापलेले टोक तेवढे झाकणातून बाहेर काढायचे आणि आत वायूचा दाब वाढवत न्यायचा. डहाळी कापल्याबरोबर आत ओढला गेलेला रस ज्या दाबाला पुन्हा कापलेल्या टोकावर येऊन चमकतो, तेवढाच ताण ती झाडावर असताना सोसत होती. खारफुटींत हा आकडा वातावरणाच्या दाबाच्या ३० ते ६० पट भरला. म्हणजे समुद्राच्या २५ पट ओढीवर मात करण्याइतका जोर पानांमध्ये खरोखरच असतो. १९६८ साली स्कोलँडरने आणखी एक गोष्ट दाखवून दिली: शेंडा छाटलेल्या रोपांच्या मुळांवर बाहेरून दाब दिला तर कापलेल्या टोकातून जवळजवळ गोडे पाणी निघते, आणि मुळांच्या पेशींची ऊर्जानिर्मिती विषाने बंद पाडली तरी ही गाळणी थांबत नाही. मुळाच्या आतल्या थरांची रचनाच अशी आहे की पाणी पुढे जाते आणि क्षार बाहेर राहतात. जोर मात सगळा पानांचा, म्हणजे अखेर सूर्याचा आणि वाऱ्याचा.

तिवराची मुळे क्षारांपैकी साधारण ९० ते ९५ टक्के भाग बाहेरच रोखतात. कांदळ, म्हणजे ऱ्हायझोफोरा, या बाबतीत अधिक कडक असून तो जवळजवळ ९९ टक्के अडवतो. तिवराने मुळाशी थोडी सूट दिली आहे आणि उरलेले काम पानांवर सोपवले आहे. त्याच्या पानांवर अतिसूक्ष्म क्षारग्रंथी असतात. वरच्या बाजूच्या ग्रंथी खळग्यांत बसलेल्या असतात आणि खालच्या बाजूच्या ग्रंथी त्या पांढुरक्या दाट लवेखाली दडलेल्या असतात. या ग्रंथी ऊर्जा खर्चून रसातले मीठ पानाबाहेर टाकतात. हे प्रत्यक्ष पाहणे कोणालाही शक्य आहे. कोरड्या हवेत, दुपारच्या वेळी, काही दिवस पाऊस किंवा भरतीचे पाणी न लागलेले पान तिरपे धरून उन्हात पाहिले तर त्यावर बारीक चौकोनी खडे चमकताना दिसतात, आणि पानाला जीभ लावली तर चव स्पष्ट खारट लागते. हेच पान पहाटे पाहिले तर खड्यांच्या जागी थेंब असतात, कारण मीठ हवेतला ओलावा शोषून घेते. या थेंबांविषयी २०२१ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन मला विशेष महत्त्वाचे वाटते. कोरड्या हवामानातल्या तिवरावर केलेल्या त्या निरीक्षणांत असे दिसले की मिठाने हवेतून ओढून घेतलेले हे पाणी पानात शिरू शकते आणि पानाकडून फांदीकडे, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने, वाहू लागते. बाहेर टाकलेले मीठही झाडाच्या कामी येते.

एवढे करूनही काही मीठ पानाच्या पेशींत साचतेच. ते पेशीच्या मध्यभागी असलेल्या रिक्तिकेत कोंडून ठेवले जाते, म्हणजे पेशीच्या जिवंत रसापासून दूर. त्या रसातही पाणी टिकून राहावे म्हणून तिवर ग्लायसीन बीटेन नावाचे निरुपद्रवी संयुग मोठ्या प्रमाणात तयार करते. या संयुगात नत्र लागते आणि खाडीच्या चिखलात नत्राची नेहमीच ओढ असते. जे नत्र नव्या पानांना मिळायचे, ते खारटपणाशी जुळवून घेण्यात खर्च होते.

इथपर्यंतची माहिती खारफुटीवरच्या बहुतेक लेखांत मिळते. पण झुडूप आणि वृक्ष यांतला फरक समजण्यासाठी एक प्रश्न पुढे विचारावा लागतो, आणि तो सहसा विचारला जात नाही: मुळांनी बाहेर रोखलेले मीठ जाते कुठे? हिशोब सोपा आहे. समुद्राइतक्या खारट पाण्यापैकी एक लिटर पाणी झाडाने ओढून घेतले आणि ९५ टक्के क्षार बाहेर ठेवले, तर ३३ ग्रॅमहून अधिक मीठ मुळांभोवतीच्या चिखलात मागे राहिले. दुसऱ्या दिवशी झाड पाणी ओढते ते कालच्यापेक्षा अधिक खारट चिखलातून. असे चालू राहिले तर झाड स्वतःच्याच मुळांभोवती मिठाचे कडे उभे करते. पानांची संख्या जितकी जास्त तितके पाणी जास्त लागते, आणि पाणी जितके जास्त ओढले जाते तितके मीठ मागे जास्त साचते. म्हणून एखाद्या जागी तिवर किती मोठे होऊ शकेल, हे त्याच्या बियाण्यापेक्षा त्या जागचे मीठ किती वेगाने धुऊन निघते यावर ठरते. माझ्या मते तिवराविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

मीठ धुण्याची कामे तीन गोष्टी करतात: भरती-ओहोटी, पाऊस आणि खेकडे. खेकड्यांचा उल्लेख अनेकांना अनपेक्षित वाटेल. खाडीचा चिखल इतका बारीक कणांचा आणि घट्ट असतो की त्यातून पाणी स्वतःहून फार हळू झिरपते. खेकड्यांची बिळे मात्र मुळांच्या पातळीपर्यंत खोल जातात. भरतीचे पाणी त्या बिळांत शिरते, आजूबाजूच्या चिखलातले मीठ त्यात विरघळून येते आणि ओहोटीबरोबर बाहेर पडते. बिळांनी चाळणी झालेली जमीन ही तिवराच्या दृष्टीने चांगली जमीन असते.

आता काठ आणि आतला भाग यांची तुलना करता येते. मुंबईजवळ मोठ्या उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते. खाडीच्या अगदी काठावरचा चिखल रोज दोनदा पाण्याखाली जातो, आणि ओहोटीला त्यातले पाणी उतारावरून खाडीत निथळते. तिथले मीठ समुद्राच्या पाण्यापेक्षा फारसे वाढत नाही. आतल्या, थोड्या उंच जागी भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणारी लहान भरती पोहोचतच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारे उधाणच तिथपर्यंत जाते. मधले दिवस ऊन पाणी उडवते आणि मीठ जागच्या जागी राहते. पुढचे उधाण येते ते पुन्हा नवे मीठ घेऊनच. त्याहून उंच भागात तर वर्षातली थोडीच उधाणे पोहोचतात. तिथे तिवरही संपते आणि मोरस ही खारट जमिनीत वाढणारी बुटकी वनस्पती किंवा उघडी खारट जमीन सुरू होते. झाडांची उंची काठापासून आत पायरीपायरीने उतरते, ती या मिठाच्या पायऱ्यांवरून.

कोकण किनाऱ्यावर यात पावसाळ्याची मोठी भर पडते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, खाड्यांचे पाणी गोडसर होते आणि आतल्या उंच जागेवरचे साचलेले मीठही धुऊन निघते. त्यानंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस खारटपणा कळसाला पोहोचतो. म्हणजे आतल्या झुडपाला वर्षातून एकदा मोकळा श्वास मिळतो. काठावरच्या वृक्षाला तो रोज दोनदा मिळतो. जिथे पाऊस जवळजवळ नाहीच, अशा इराणच्या आखाताच्या आणि तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यांवर हीच जात मोठ्या क्षेत्रावर झुडपाच्या रूपातच दिसते.

मिठाचा परिणाम लाकडापर्यंत पोहोचतो. पाण्याचा धागा जितका जास्त ताणलेला, तितका तो तुटून नळीत हवेचा बुडबुडा शिरण्याचा धोका जास्त. आणि बुडबुडा शिरलेली नळी पाणी वाहून नेत नाही. तिवर त्यावर उपाय म्हणून अधिक खारट जागी अरुंद आणि संख्येने जास्त नळ्या तयार करते. अरुंद नळी सुरक्षित असते, पण तिच्यातून पाणी कमी जाते. कमी पाणी म्हणजे कमी पाने, कमी पाने म्हणजे कमी अन्न, आणि त्या कमी अन्नातलाही मोठा वाटा मुळांकडे वळवावा लागतो. खुरटे तिवर वरून लहान दिसले तरी जमिनीखाली लहान नसते. त्याच्या खोडाचा आडवा काप पाहिला तर आणखी एक वैशिष्ट्य दिसते. बहुतेक झाडांत लाकडाच्या बाहेर वाढीचा एकच थर असतो. तिवरात असे थर एकापाठोपाठ एक तयार होत जातात, त्यामुळे पाणी नेणारे गडद पट्टे आणि अन्नरस नेणाऱ्या पेशींचे फिकट पट्टे आळीपाळीने दिसतात आणि मधूनमधून एकमेकांना मिळतात. ही वर्तुळे वर्षाला एक अशी नसतात. त्यांची संख्या वयापेक्षा खोडाच्या जाडीशी अधिक जुळते. म्हणून कापलेल्या तिवराची वर्तुळे मोजून त्याचे वय सांगणे चुकीचे ठरते, आणि कमरेएवढे झुडूप पाहून ते काल-परवाचे आहे असे म्हणणे तर त्याहून चुकीचे.

मिठाच्या जोडीला दुसरी अडचण असते ती हवेची. भिजलेल्या चिखलात वरच्या थोड्या थराखाली प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिवराची मुख्य मुळे खोल जात नाहीत. ती दोरखंडासारखी आडवी पसरतात आणि त्यांच्यापासून ठरावीक अंतराने पेन्सिलीएवढी सरळ श्वसनमुळे वर येतात. ही मुळे साधारण १० ते ३० सेंटिमीटर उंच असतात. एका मोठ्या झाडाभोवती ती हजारोंच्या संख्येने असतात. त्यांच्या सालीवर बारीक वायुरंध्रे असतात आणि आतला भाग स्पंजासारखा पोकळ असतो. भरती आली की रंध्रे पाण्याखाली जातात, पण पाणी आत शिरत नाही. आतल्या हवेतला प्राणवायू मुळे वापरत राहतात, आतला दाब घटतो आणि ओहोटीला रंध्रे उघडी पडताच बाहेरची हवा आत ओढली जाते. झाडाचा श्वास भरती-ओहोटीच्या तालावर चालतो. या रचनेतून एक अट निर्माण होते: पाणी आलेही पाहिजे आणि गेलेही पाहिजे. ते आले नाही तर मीठ साचते. गेले नाही तर मुळे गुदमरतात.

खुरटेपणाची सगळी कारणे मिठातच शोधावीत असे नाही. नत्र आणि स्फुरद यांची कमतरता असलेल्या जागीही तिवर ठेंगणे राहते, आणि परदेशांत अशा ठेंगण्या झाडांना खत देऊन पाहिले तेव्हा त्यांपैकी काहींनी वाढीला वेग घेतला. माणसाची कुऱ्हाड आणि गुरांचे तोंड ही आणखी दोन कारणे. तिवर तोडले तर बुंध्यापासून पुन्हा फुटते, हा त्याचा मोठा गुण. कांदळाची जाड फांदी तोडली तर ती बहुधा फुटत नाही. सरपणासाठी वर्षानुवर्षे तोडलेले तिवर म्हणूनच अनेक खोडांचे झुडूप बनते. गुरे त्याचा पाला आवडीने खातात, आणि कच्छच्या किनाऱ्यावरचे खाराई उंट तर खाडी पोहून पार करून तिवर चरायला जातात. मिठाने खुरटलेले झुडूप आणि तोडीने खुरटलेले झुडूप यांत फरक करायचा असेल तर बुंधा पाहावा. तोडलेल्या झाडाचा जुना बुंधा आजच्या फांद्यांच्या मानाने फारच जाड असतो आणि त्यावर जुने घाव दिसतात.

तिवराची नवी पिढी कशी उभी राहते, त्यातही मिठाशी असलेले हेच नाते दिसते. उन्हाळ्यात आलेल्या फुलांची फळे पावसाळ्यात पक्व होतात. फळ चपटे, करड्या-हिरव्या रंगाचे, दोन-तीन सेंटिमीटरचे असते आणि त्यात एकच बी असते. हे बी झाडावर असतानाच रुजते, परंतु फळाची साल फोडून बाहेर येत नाही. फळ गळून पाण्यात पडले की काही दिवसांत साल सुटते आणि आतून एकमेकांवर दुमडलेली दोन जाड बीजपत्रे आणि केसाळ मूळ असलेले जवळजवळ तयार रोप बाहेर येते. आता त्याला दोन गोष्टी हव्या असतात: कमी खारट चिखल आणि पाण्याने न हलवलेले काही दिवस, ज्यांत मूळ चिखलाला घट्ट पकडू शकेल. पहिली गोष्ट पावसाळा देतो. दुसरी गोष्ट उधाण ओसरल्यानंतरच्या भांगाच्या दिवसांत, थोड्या उंच जागी मिळते. खोल, सतत पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात ती मिळत नाही. शिवाय या रोपाला ऊन लागते. मोठ्या झाडांच्या दाट सावलीत शेकडो रोपे रुजलेली दिसतात, पण त्यांतली फार थोडी पुढे जातात.

पावसाळ्याच्या शेवटी कधी कधी ठाणे खाडीतली किंवा मुंबईतली तिवरे एकाएकी तपकिरी पडून मेल्यासारखी दिसतात आणि नागरिक काळजीत पडतात. पुष्कळदा त्याचे कारण हिब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्या हे असते. सागाची पाने खाऊन फस्त करणारी अळी ती हीच. झाड निरोगी असेल तर त्याला काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. अशा वेळी फवारणीची घाई करू नये, कारण त्या चिखलात खेकडे आणि माशांची पिल्ले वाढत असतात.

खरी चिंता वाटायला हवी ती पाण्याची वाट अडवली गेल्याची. रस्ता, भराव किंवा बांध घालून एखादा भाग खाडीपासून तोडला की आतल्या तिवरांची दोनपैकी एक गत होते. पाऊस आणि सांडपाणी आत कोंडले तर श्वसनमुळे कायमची पाण्याखाली जातात आणि झाडे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरतात. पाणी आत येणेच थांबले तर चिखल वाळतो, मीठ वर येते आणि झाडे हळूहळू शेंड्यापासून सुकत जातात. दुसऱ्या प्रकारच्या मरणाचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण उत्तर ऑस्ट्रेलियातले आहे. २०१५ च्या अखेरीस आणि २०१६ च्या सुरुवातीला कार्पेंटारियाच्या आखाताच्या किनाऱ्यावर, एक हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या पट्ट्यात, सुमारे ७,४०० हेक्टर खारफुटी मेली आणि त्यात प्रामुख्याने तिवरच होते. त्या काळात तीव्र एल निनोमुळे तिथली समुद्राची पातळी काही काळ खाली गेली होती, पाऊस कमी होता आणि उष्णता जास्त होती. मिठाला तोंड देण्यात एवढे तरबेज असलेले झाड समुद्राच्या काठावर, भरती पुरेशी वर चढली नाही म्हणून, तहानेने मेले.

महाराष्ट्रात २०२१ च्या वनस्थिती अहवालानुसार ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन, म्हणजे सर्व प्रकारच्या खारफुटींचे वन, होते. २०१२ साली राज्याने कांदळवन कक्ष स्थापन केला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने व नंतर २०१८ च्या निकालाने कांदळवनांच्या तोडीला मनाई केली. हे संरक्षण वृक्षांना आहे तसेच झुडपांनाही आहे. तरीही प्रत्यक्षात आतल्या भागातली खुरटी तिवरे सर्वांत आधी भरावाखाली जातात, कारण पाहणाऱ्याला ती ‘नुसती झुडपे’ वाटतात. समुद्राची पातळी वाढत जाईल तसा काठावरच्या तिवरांना आत सरकावे लागेल, आणि ती जागा आज हीच झुडपे धरून बसली आहेत. त्यांच्यावर भराव घालणे म्हणजे पुढच्या वनाची जागाच काढून घेणे होय.

लागवडीच्या बाबतीतही उंची न पाहता पातळी पाहायला हवी. ओहोटीला उघडा पडणारा मोकळा चिखल दिसला की तिथे रोपे लावण्याचा मोह होतो. पण मध्यम समुद्रपातळीच्या खालच्या चिखलात तिवर सहसा तग धरत नाही, आणि अशा चिखलावर पक्ष्यांचे खाद्य असते ते वेगळेच. नैसर्गिक तिवरे ज्या पातळीवर उभी आहेत तीच पातळी धरावी. खाडीपासून तुटलेल्या जागी आधी बांधातली उघाडी, म्हणजे पाणी ये-जा करण्याचे दार, कुठे बुजले आहे ते शोधून मोकळे करावे, मोरी लहान असेल तर मोठी करावी आणि ओहोटीला पाणी पूर्ण उतरते की नाही ते पाहावे. जवळपास फळे देणारी झाडे असतील तर पुढच्या पावसाळ्यात बिया पाण्याबरोबर आपणहून येतात. त्या किती रुजतात ते पाहावे, आणि त्या रुजत नसतील तरच रोपवाटिकेतून रोपे आणावीत.